एका मुलामागे एक माणूस

वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप, गरवारे कॉलेज. पाच स्टेशनं, पाच कार्डं. प्रत्येक कार्डाच्या पाठीला वेलक्रोचा तुकडा आणि ती चिकटवायला जाड पुठ्ठ्याची एक लांब पट्टी. ६ मार्च २०२२ ला पुण्याची मेट्रो वनाझहून धावू लागली, तेव्हा कोथरूडकरांनी हौसेनं सहकुटुंब फेऱ्या मारल्या. स्वमग्न मूल असलेल्या घरात फेरीच्या आधी ही पट्टी करावी लागते. स्टेशन आलं की एक कार्ड काढायचं आणि डबीत टाकायचं. पट्टी रिकामी झाली की उतरायचं. मुलाला भीती गाडीची नसते. हे सगळं कधी संपणार ते कळत नाही, भीती त्याची असते.

पट्टी तयार झाली तरी पहिल्या दिवशी गाडीपर्यंत पोचणं होत नाही. पहिला दिवस सरकत्या जिन्यापाशी संपतो, दुसरा तिकिटाच्या फाटकापाशी. दार बंद होतानाचा आवाज मोबाइलवर टिपून घरी आठवडाभर हळू आवाजात ऐकवला जातो. मग कधीतरी एकच स्टेशन, वनाझ ते आनंदनगर, आणि परत. काही मिनिटांचा हा प्रवास तीन आठवड्यांत अंगवळणी पडला तर विशेष शिक्षिका वहीत ‘छान प्रगती’ असं लिहिते. तिकिटाचा खर्च किरकोळ. खरा खर्च होतो तो त्या तीन आठवड्यांत मुलाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचा.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे पायाभरणीची तारीख, पहिले अध्यक्ष, देणगीदारांची यादी आणि इमारतीचा फोटो, अशी रीत आहे. स्वमग्न मुलांचं शिक्षण ही संस्था एका इमारतीत किंवा एका नोंदणी क्रमांकात मावत नाही. कोथरूडमध्ये ती एखाद्या बंगल्याच्या तळमजल्यावर भरते, सोसायटीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत भरते आणि पुष्कळदा घरातल्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून भरते. तिचा इतिहास लिहायचा तर एका मुलामागे एक माणूस उभा करण्याचा खर्च आजवर कोणी, कसा उचलला, तेच लिहायला हवं.

ज्यांना शिकवून काही उपयोग नाही असं समाजानं ठरवून टाकलं, त्यांच्यासाठी वर्ग काढायची सवय या भागाला जुनी आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून तो तिथे नेला. ते हिंगणे म्हणजे कोथरूडला लागून असलेलं आजचं कर्वेनगर. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि हिंगण्याहून चालत जात-येत. त्या पायपिटीचं कौतुक सगळे करतात. पण आश्रम उभा राहिला तो दारोदार फिरून गोळा केलेल्या वर्गणीवर, हेही लक्षात ठेवायला हवं. पुढे १९३४ मध्ये पुणे अंधशाळा सुरू झाली. तिची मुलींची शाळा कोथरूडमध्येच आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनानं पुढच्या काळात एरंडवण्यात ‘दिलासा’ केंद्र काढलं, गतिमंद मुलांची शाळा आणि मोठ्यांसाठी कार्यशाळा. आणि १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ सुरू केली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची शाळा म्हणजे काय, ते पुण्याला तिच्यामुळे कळलं.

त्या काळी कामायनीसारख्या शाळेच्या दारात आलेल्या मुलांमध्ये स्वमग्न मुलं नक्कीच असणार. त्यांना तेव्हा कुणी स्वमग्न म्हटलं नसेल इतकंच. दाखल्यावर ‘मतिमंद’, शेजारपाजारी ‘वेडसर’ आणि आजीच्या भाषेत ‘उशिरा बोलणारं’.

नाव असं नवंही नव्हतं. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, ही वेगळी अवस्था म्हणून मांडली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांनी तशाच मुलांवर लिहिलं. त्याच १९४४ मध्ये मुंबईत वकील दांपत्यानं स्वतःच्या मुलीसाठी धडपडताना जय वकील शाळा सुरू केली. निदान युरोप-अमेरिकेत होत होतं, शाळा आईबाप काढत होते, आणि या दोन गोष्टी एकमेकींना भेटायला अजून कितीतरी वर्षं होती. मधल्या काळात अमेरिकेत या अवस्थेचं खापर आईवर फुटलं. आई थंड, मायेचा ओलावा नाही, म्हणून मूल मिटून जातं, असं मोठमोठी तज्ज्ञ मंडळी सांगत राहिली. ते खोडून काढलं बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांचं पुस्तक आलं १९६४ मध्ये, म्हणजे सिंधुताईंनी पुण्यात शाळा काढली त्याच वर्षी. लंडनमध्ये त्याआधी दोन वर्षं, १९६२ साली, पालकांनीच एकत्र येऊन संस्था स्थापली होती. जगात कुठेही पाहा, सरकार नंतर येतं, विद्यापीठ त्याहून नंतर. पहिला वर्ग आईबापांचा.

भारतातही तेच झालं. मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये दिल्लीत ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केलं, ते मुलगा स्वमग्न होता म्हणून. त्यांची ‘ओपन डोअर’ ही शाळा १९९४ ची. पुण्यात पद्मजा गोडबोले आणि साधना गोडबोले यांनी ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ उभं केलं. मुलांच्या वर्गांइतकंच महत्त्वाचं दुसरं कामही तिथं झालं, शिक्षक घडवण्याचं. वर्ग काढायला जागा मिळते, देणगीही मिळते. शिकवणारं माणूस मिळत नाही. स्वमग्न मुलासमोर तीस मिनिटं शांत बसून, त्यानं अठ्ठाविसाव्यांदा ठोकळा फेकल्यावर तो तितक्याच शांतपणे उचलणारं माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तयार झालेलं माणूस तुटपुंज्या पगारावर किती दिवस टिकणार, हा प्रश्न अशा प्रत्येक केंद्रात दर जूनला उभा राहतो.

‘स्वमग्न’ हा मराठीनं केलेला शब्द सुंदर आहे, पण तो अर्धाच खरा आहे. हे मूल स्वतःत रमलेलं असतं म्हणून आपल्याकडे पाहत नाही, असं त्यातून वाटतं. बाहेरचं जग त्याच्या अंगावर किती जोरात येत असतं, ते या शब्दात येत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल, ट्यूबलाइटची न दिसणारी थरथर. जुलै उजाडला की म्हात्रे पुलाच्या बाजूला नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो. पुणेकराच्या कानाला ती गणपतीची चाहूल. एरंडवण्या-कोथरूडमधल्या कित्येक घरांत मात्र त्या दिवसापासून संध्याकाळी खिडक्या बंद होतात आणि कानांवर घालायचे मोठे हेडफोन कपाटातून बाहेर येतात. काही घरं तर गणपतीचे दहा दिवस गावीच जातात. घरोघर आता ‘ऑटिझम’ हाच शब्द रुळला आहे. त्याचं एक कारण हेही असावं की ‘स्वमग्न’ म्हटलं की मुलाचाच काहीतरी हेका आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं.

कायद्याला हे नाव उच्चारायला १९९९ उजाडलं. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. सवलत हवी तर पालकांनी मुलाला मतिमंदत्वाचा दाखला काढायचा, मग मूल कोडी कितीही झपाट्यानं सोडवत असो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशी चार नावं आली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला, १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला आणि यादी २१ प्रकारांवर गेली. त्यात ऑटिझमला स्वतःचं घर मिळालं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्कही मिळाला, जवळच्या शाळेत किंवा हवी ती विशेष शाळा निवडून.

हे ४० टक्के मोजतात कसे, ते पालकांना तोंडपाठ असतं. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी त्यासाठी वापरतात. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. डोळ्याला डोळा देतो का, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतो का, ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणतो का, धोका ओळखतो का. बेरीज ७० च्या आत आली तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. ससून रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळपासून थांबलेली आई या चाळीस प्रश्नांची उत्तरं देताना विचित्र कोंडीत सापडते. घरी ती प्रत्येक बारीक प्रगती कौतुकानं सांगत असते: परवा स्वतःहून पाणी मागितलं, काल चप्पल बरोबर पायात घातली. इथं तीच प्रगती जास्त उत्साहानं सांगितली तर गुण कमी पडतील आणि दाखला हातचा जाईल. मुलाला काय येत नाही ते परक्या माणसासमोर, मुलाच्या देखत, एकेक करून सांगायचं. त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या बायका बराच वेळ कुणाशी बोलत नाहीत.

आता पैशाचं. या विषयावर मोघम बोलण्यापेक्षा हिशेब मांडलेला बरा. समजा थेरपीच्या एका सत्राला ६०० रुपये पडतात; आकडा केवळ हिशेबासाठी धरलेला आहे, ज्यानं त्यानं आपापला घालावा. आठवड्याला दोन ऑक्युपेशनल थेरपी, दोन स्पीच थेरपी. महिन्याला सोळा सत्रं, ९,६०० रुपये. वर्षाला १,१५,२००. शाळेची फी यात नाही, वर्गात मुलासोबत बसणाऱ्या शॅडो टीचरचा पगार यात नाही, रोजची रिक्षा यात नाही. ऐन गर्दीच्या वेळी पौड रोडवरून हे मूल बसनं नेता येत नाही, म्हणून रिक्षा ही चैन नव्हे.

सरकारी बाजूला काय आहे? समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. वरच्या हिशेबानं वर्षाची सहा सत्रंही त्यात पुरी होत नाहीत. आयकरात ७५,००० रुपयांची वजावट मिळते, तीव्र अपंगत्व असेल तर १,२५,०००. पण ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदाराचे त्यातून वाचतात साधारण १५,००० रुपये, म्हणजे पंचवीस सत्रांचे पैसे, आणि तेही जुनी करप्रणाली निवडली तरच. ज्याचं उत्पन्न कराच्या कक्षेतच येत नाही, त्या वॉचमनच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला या वजावटीचा काहीही उपयोग नाही. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, वयानुसार हप्ता वाढत नाही, आणि थेरपीचे पैसेही ठरलेल्या मर्यादेत परत मिळतात. ही योजना खरोखर चांगली आहे. ज्यांच्यासाठी ती आहे, त्यांतल्या कितीतरी घरांत तिचं नावही पोचलेलं नाही, म्हणून ते इथं मुद्दाम लिहिलं आहे.

तरीही सर्वांत मोठा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही. तो असतो आईच्या सोडलेल्या नोकरीचा. २०१४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या खर्चाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वमग्नतेबरोबर बौद्धिक अपंगत्वही असेल तर एका व्यक्तीमागे आयुष्यभराचा खर्च अमेरिकेत २४ लाख डॉलर आणि ब्रिटनमध्ये १५ लाख पौंड येतो, असं त्यात मांडलं होतं. हे आकडे भारताला लागू नाहीत. पण बालपणीच्या खर्चातले सर्वांत मोठे दोन वाटे कोणते निघाले, ते पाहण्यासारखं आहे: विशेष शिक्षण, आणि आईबापांचं बुडालेलं उत्पन्न. औषधं, डॉक्टर, तपासण्या सगळं त्यानंतर. कोथरूडमधल्या एखाद्या केंद्राबाहेरच्या बाकावर सकाळी अकरा वाजता जाऊन बसलं की हा निष्कर्ष समजायला अभ्यास लागत नाही. तिथं डबा आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांत कुणी सॉफ्टवेअरमध्ये होती, कुणी बँकेत, कुणी स्वतः शिक्षिका. पंचेचाळीस मिनिटांच्या सत्रासाठी घरी जाऊन परत येणं परवडत नाही, म्हणून त्या थांबतात. त्या बाकावर भाजी निवडली जाते, नव्या मुलाच्या आईला कुठला डॉक्टर नीट ऐकून घेतो ते सांगितलं जातं, आणि कधीकधी नुसतं रडलं जातं. पालकांच्या कितीतरी संघटना अशाच बाकांवर सुरू झाल्या आहेत.

एका मुलामागे माणूस किती वेळ हवा, याचं एक उत्तर अमेरिकेतून आलं आणि त्यानं जगभरच्या पालकांची झोप उडवली. इव्हार लोवास यांनी १९८७ मध्ये लिहिलं की आठवड्याला ४० तास, दोन वर्षांहून जास्त काळ एकास एक शिकवल्यावर १९ पैकी ९ मुलं सर्वसाधारण वर्गात सामावली गेली. त्या अभ्यासावर पुढे बरीच टीका झाली. मुलाला ‘सर्वसाधारण’ बनवणं हे शिक्षणाचं ध्येय असावं का, असा प्रश्न स्वतः स्वमग्न असलेल्या प्रौढांनीच विचारला. पण ४० हा आकडा पालकांच्या मनातून जात नाही. आठवड्याला चार सत्रं देणारा बाप रात्री हिशेब करतो की आपण दहावा हिस्साही देत नाही, बाकीचं मुलाचं नुकसान आपल्यामुळे होतंय. कर्जं अशीच काढली जातात. याच भीतीवर चमत्काराची दुकानंही चालतात: ऑक्सिजनच्या बंद खोल्या, मूळपेशी, महागडे आहार. सिद्ध न झालेल्या उपायांवर गेलेला पैसा शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याचा असतो, एवढं तरी पालकांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

दुसरं उत्तर पुण्याच्या बरंच जवळ, गोव्यात शोधलं गेलं. ‘संगाथ’ या संस्थेनं ब्रिटन आणि पाकिस्तानमधल्या सहकाऱ्यांबरोबर गोवा आणि रावळपिंडी इथं ६५ मुलांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. पद्धत साधी होती. आई मुलाशी खेळते त्याचं छोटं चित्रीकरण करायचं आणि मग ते तिच्याबरोबर बसून पाहायचं. इथं त्यानं तुझ्याकडे पाहिलं, इथं तू थांबलीस म्हणून त्यानं आवाज केला, असं दाखवत जायचं. हे दाखवणाऱ्या कार्यकर्त्या तज्ज्ञ नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती होत्या. पालकांचं मुलाच्या कलानं वागणं स्पष्टपणे वाढलं आणि मुलंही आपणहून संवादाला सुरुवात करू लागली. यानं ऑटिझम बरा होत नाही, तसा कुणाचा दावाही नव्हता. पण जिथं तज्ज्ञ हातावर मोजण्याइतके आहेत आणि फी आवाक्याबाहेर आहे, तिथं घरातल्याच माणसाच्या हाती कौशल्य देता येतं, हे त्यातून दिसलं. कोथरूडमध्ये तज्ज्ञ निदान आहेत तरी. मुळशी-वेल्ह्याच्या पालकाला एका सत्रासाठी दिवसाची मजुरी बुडवून इथं यावं लागतं. त्याच्यासाठी गोव्याचा रस्ता अधिक कामाचा आहे.

घरातल्या माणसाचा विषय निघाला की भाषेचा प्रश्न आपोआप पुढे येतो, आणि त्याविषयी मराठीत फारच कमी लिहिलं गेलं आहे. मूल तीन वर्षांचं होऊनही बोलत नाही म्हटल्यावर बऱ्याच पालकांना सल्ला मिळतो की घरात एकच भाषा ठेवा. शाळा इंग्रजी, थेरपीची कार्डं इंग्रजी, मोबाइलवरची गाणी इंग्रजी, म्हणून ती एक भाषा इंग्रजीच ठरते. पुढं होतं काय की मुलगा ‘आय वाँट वॉटर’ म्हणायला शिकतो आणि आजी स्वयंपाकघरात ‘पाणी हवंय का बाळा?’ म्हणते ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. दिवसभर ज्या माणसाजवळ मूल असतं, त्या माणसाचीच भाषा त्याला परकी होते. दोन भाषा ऐकल्यानं स्वमग्न मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी तो सल्ला फिरतच राहतो, आणि एकदा सुटलेली मराठी परत आणायला कुणाकडे सत्रं उरलेली नसतात.

साहित्याचंही तसंच. बाजारातल्या तयार कार्डांवर बर्फाचा माणूस असतो, पंपकिन पाय असतो, लाल पत्रपेटी असते. कोथरूडच्या मुलाला ओळखायचा असतो गॅसचा सिलिंडर, पोळपाट, पीएमपीची बस, जिन्यातलं मीटरचं कपाट. म्हणून विशेष शिक्षिका सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरातल्या वस्तूंचे फोटो काढतात, अप्पा बळवंत चौकातून लॅमिनेशन करून आणतात, कोपरे गोल कापतात. टोकदार राहिले तर तोंडात जाऊन लागतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन चौकोन, आधी वरणभात, नंतर झोका. या कार्डांचा खर्च केंद्राच्या जमाखर्चात ‘किरकोळ’ या रकान्यात पडतो. त्यामागच्या रविवारांना रकाना नाही.

मग नेहमीची शाळा. कायदा समावेशक शिक्षणाच्या बाजूचा आहे, आणि पुष्कळ मुख्याध्यापकही मनानं त्या बाजूचे आहेत. अडतं ते माणसाशीच. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे खटल्यात नेहमीच्या शाळांसाठी प्रमाण ठरवायला सांगितलं आणि पुढे ते ठरलं: प्राथमिकला विशेष गरजांच्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. २०२५ च्या मार्चमध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की पदं तरी जाहीर करा. तोवर ज्या वर्गात पन्नास मुलं आणि एक बाई, तिथं त्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. शाळा म्हणते, शॅडो टीचर आणलात तर घेऊ. शॅडोचा पगार पालक देतो. मोफत शिक्षणाच्या हक्काखाली वर्गात शिरलेलं मूल अशा रीतीनं वर्गातलं सर्वांत महाग मूल होतं.

आणि तरी काही ठिकाणी जमतं. जिथं शॅडोला मुलाला चिकटून न बसता मागच्या बाकावर बसायला सांगतात. जिथं वर्गातल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात खरं सांगितलेलं असतं, की हा तुमचा मित्र कानावर हात ठेवतो कारण त्याला आवाज टोचतात. जिथं मधल्या सुट्टीत गोंगाट सहन झाला नाही तर ग्रंथालयाचं दार उघडं असतं. परीक्षेला तासामागे वीस मिनिटं जादा, लेखनिक, गरज पडल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून एकेक विषय सोडवत दहावी, हे रस्ते आता बऱ्यापैकी माहितीचे झाले आहेत. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. विशेष शाळांच्या अनुदानाची, शिक्षकांच्या पगाराची आणि मान्यतेची फाइल आता एका दारातून जाते. त्या दारातून अनुदान वेळेवर बाहेर येतं का, हे अशा संस्थांचे सचिव महिन्याच्या एक तारखेला पाहतात.

अठरा वर्षं पूर्ण झाली की शिक्षणाचा मोफत हक्क संपतो आणि मूल कायद्यानं सज्ञान होतं. बँकेच्या खात्यावर सही कोण करणार, म्हणून पालक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करतात. म्हणजे स्वतःच्याच मुलाचे आईबाप असल्याचा कागद नव्यानं काढतात. ज्याला सही करता येईल, पैसे मोजता येतील, त्याच्यासाठी आधी ते शिकवून पाहावं आणि मगच हा अर्ज करावा, असं जाणती विशेष शिक्षक मंडळी सांगतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पुढं कामायनी किंवा दिलासासारख्या संस्थांच्या कार्यशाळा. एकच काम तसंच्या तसं शंभरदा करणं ही एरवी ज्याची तक्रार होते, ती गोष्ट इथं कसब ठरते. पण कार्यशाळेतल्या जागा थोड्या आणि मोठी झालेली मुलं पुष्कळ. पंचविशीतला मुलगा आणि साठीतली आई, दोघं परत त्याच हॉलमध्ये. सकाळी साडेआठला भिंतीवर दिवसाची पट्टी लावायची: आंघोळ, नाश्ता, कपडे घडी, फिरायला जाणे.

मेट्रोच्या पट्टीचं पुढे असं झालं, की १ ऑगस्ट २०२३ ला गाडी गरवारेच्या पुढे धावू लागली. ज्या मुलांनी ‘गरवारे कॉलेज’ हे कार्ड काढलं की उतरायचं असं महिनोन्‌महिने पक्कं केलं होतं, त्यांच्यासाठी शेवटचं स्टेशन शेवटचं राहिलं नाही. गाडी थांबली, दारं उघडली आणि बरीच माणसं जागेवरच बसून राहिली. पट्टी जोडून लांब करावी लागली. डेक्कन जिमखाना, छत्रपती संभाजी उद्यान, महापालिका, सिव्हिल कोर्ट. नवे फोटो, नवं लॅमिनेशन, कोपरे गोल. आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून, वनाझच्या सरकत्या जिन्यापाशी.